बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश नाही

जो सूचना करतो त्यालाच ती अमलात आणावी लागते. हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी आपल्याकडच्या प्रत्येक मीटिंगला लागू असतो. मला तो माहीत होता. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीच्या प्रकरणात मी तो पुरेपूर भोगला होता. तरीही मनवाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं, आणि तेही म्यूट काढून.

दोन हजार एकवीसची दिवाळी नुकतीच सरली होती. मोठ्या वर्गांच्या शाळा सुरू झाल्या होत्या आणि धाकट्यांच्या आज उघडतात की उद्या, अशी चर्चा होती. माझी मुलगी मनवा दुसरीत होती आणि तिने आपली शाळा आतून पाहिलेली नव्हती. नाव घातलं तेव्हाच सगळं बंद झालेलं. तिची पहिली माझ्या मोबाइलमध्ये झाली आणि दुसरी तिच्या आईच्या जुन्या मोबाइलमध्ये चालू होती. शाळा म्हणजे काय, तर चार्जिंग संपलं की सुटणारी एक गोष्ट, अशी तिची समजूत झाली होती.

शाळा परळची, मराठी माध्यमाची. एका तुकडीत पोरं इतकी कमी की गैरहजर कोण हे हजेरी न घेताही कळावं. मुख्याध्यापिका मृणालिनी गोगटे. त्या दिवशी पालकांच्या शंका थांबेनात. बाकांमध्ये अंतर किती, डबा कुठे खायचा, मास्क पडला तर कोण उचलणार. मी म्हणालो, ज्या शाळांचे मोठे वर्ग सुरू झालेत, त्यांनी काहीतरी चांगल्या पद्धती बसवल्याच असतील. कोणीतरी त्या गोळा करून सगळ्यांना वाटल्या तर बरं. 'कोणीतरी' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "कुबल, फार छान. तुम्ही कधीपासून सुरू करताय?"

तोवर ज्यांच्या चौकोनात फक्त फिरता पंखा दिसत होता, त्या सगळ्या पालकांनी एकदम अंगठे वर केले. रघु सावंत नावाचे एक पालक आहेत, लालबागला त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, दोन मुलं शाळेत. ते म्हणाले, बरं झालं हितेंद्रभाऊंनी मनावर घेतलं, नाहीतर मी पोरांना पाठवणारच नव्हतो. म्हणजे माझ्या एका मुलीची काळजी घेऊन मी मीटिंगला बसलो होतो, आणि उठलो तेव्हा तीन मुलांची जबाबदारी माझ्यावर होती.

दर्शनाने, म्हणजे माझ्या बायकोने, याला नेमकं काय म्हणतात ते विचारलं. ती फोर्टात एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात असते, तिथे कामाला नाव नसेल तर ते काम धरत नाहीत. मी म्हटलं, बेस्ट प्रॅक्टिसेस. आई कुळीथ निवडत होती. तिने मान वर केली.

"बेस्टची प्रॅक्टिस? ह्या वयात बस चालवक शिकतलंस काय?"

मी समजावलं. तिला समजलं की नाही कळलं नाही, पण शेजारच्या मांजरेकरकाकांना तिने संध्याकाळी सांगितलं ते, हितू शाळा उघडतोय, असं. गंगाधर मांजरेकर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेत, पण ऑफिस त्यांच्यातून अजून झालेलं नाही. ते मास्क लावून दारात आले आणि म्हणाले, पत्र घेतल्याशिवाय कुठे जाऊ नकोस. पत्रावर शिक्का पाहिजे आणि तो गोल पाहिजे. लांबट शिक्का नुसता पत्त्याचा असतो. माणसाला खुर्ची मिळते ती गोल शिक्क्यावर.

म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकून शिक्षण खात्याच्या एका ऑफिसात गेलो. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले की शाळांना त्यांच्या पद्धती विचारायला परवानगी लागत नाही. मी म्हटलं, मग तसंच लिहून द्या. ते म्हणाले, परवानगी लागतच नाही म्हटल्यावर अर्जाचा प्रश्न येत नाही, आणि जो अर्ज आलेलाच नाही त्याला उत्तर कसं देणार. हे बोलता बोलता त्यांनी न आलेल्या अर्जावर आवक क्रमांक टाकून तो फायलीत लावला. मी निघताना त्यांनी मला परत बोलावलं. अशी माहिती वरून मागितली आहे, तुमची गोळा झाली की एक प्रत आम्हालाही पाठवा, असं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. पत्र आणायला गेलेला मी एक गिऱ्हाईक घेऊन परतलो.

त्यानंतर मी शाळा बघायला निघालो, आणि या कामातली मुख्य अडचण पहिल्याच गेटवर माझ्या लक्षात आली. शाळा गिरगावातली, चांगली, जुनी. गेटला पाटी होती: बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश नाही. मी वॉचमनला म्हटलं की मुलं सुरक्षित राहावीत म्हणून तुम्ही इथे काय करता, ते बघायला आलोय. तो म्हणाला, हेच करतो, आणि गेट लावून घेतलं.

विचार केला तर तो चुकला नव्हता. जी शाळा काळजी घेते ती बाहेरच्याला आत घेत नाही, आणि मी सगळीकडे बाहेरचाच होतो. म्हणजे शाळेची पद्धत जितकी चांगली तितकी मला ती दिसण्याची शक्यता कमी. शिवडीला एका शाळेच्या बाईंनी पहिल्या मजल्यावरून माझ्याशी बोलायची तयारी दाखवली, पण खालून मालाचे ट्रक जात होते, त्यामुळे त्या 'साबण' म्हणाल्या की 'थांबा' हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. फक्त एका ठिकाणी, खोताच्या वाडीच्या जवळ, मी सरळ आत गेलो. कोणी अडवलं नाही. हेडमास्तरांच्या केबिनमध्ये बसलो, चहा आला, तो प्यायलो, मग हेडमास्तर आले आणि आपल्याकडे किती कडक बंदोबस्त आहे ते त्यांनी मला खूप वेळ सांगितलं. कुबल कोण हे त्यांनी विचारलंच नाही. त्या शाळेबद्दल मी काही लिहिलं नाही.

तरीही, गेटच्या सळ्यांतून जेवढं दिसलं तेवढं मी टिपलं. जमिनीवर काढलेले गोल, वेगवेगळ्या वेळी होणारी मधली सुट्टी, ज्याची बाटली त्याच्याच हातात. सगळं नीट टाइप करून मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली फुलं आली, नमस्कार आले. रघु सावंतांचं एकच वाक्य आलं: हे सगळं ठीक, पण पोराला शाळेत ताप भरला तर?

मी लिहिलं, बघून सांगतो.

हे बघण्यासाठी मृणालिनी बाईंनी त्यांच्या ओळखीने दादरच्या एका शाळेत माझी वेळ ठरवली. शाळेचं नाव सांगत नाही. त्यांनी माझं नाव बाहेर सांगितलं नाही, तेव्हा मीही सांगू नये. निघताना दर्शनाने मला दोन मास्क आणि वरून तो प्लास्टिकचा फेस शील्ड लावायला लावला. मांजरेकरकाका म्हणाले, शेअर टॅक्सी म्हणजे चालता फिरता धोका आहे, चालत जा. तेव्हा मी लालबागहून दादरला भर दुपारी, डोक्याभोवती प्लास्टिक बांधून, चालत गेलो. ज्यांना नोव्हेंबर म्हणजे थंडी वाटते ते मुंबईत राहत नाहीत.

गेटवर अवधूत सर म्हणून पीटीचे शिक्षक उभे होते. त्यांच्या हातात ताप मोजायची गन होती. त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली आणि ती वाजली. नुसती वाजली नाही, लाल झाली. त्यांनी मनगटावर लावली. परत वाजली.

अवधूत सर वाईट माणूस नव्हते. पण शाळा सुरू झाल्यापासून ते ती गन धरून उभे होते आणि ती कधीही वाजलेली नव्हती. अख्ख्या शाळेने ताप आलेल्या मुलाचं काय करायचं याची तयारी करून ठेवली होती आणि मूल काही मिळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर, मास्कच्या वर जेवढा होता तेवढ्यावर, मला स्पष्ट आनंद दिसला. मी सांगितलं की मी उन्हातून आलोय. ते म्हणाले, घाबरू नका. मी सांगितलं की मी पालक आहे, माझी वेळ ठरलेली आहे, मी हीच पद्धत बघायला आलोय. ते म्हणाले, मग चांगलंच आहे, आणि मला दोन हात लांबून, लाल बाणांच्या रस्त्याने, मागच्या बाजूच्या एका खोलीत नेलं. ती पूर्वी संगीताची खोली असावी. कोपऱ्यात कापड घातलेली पेटी होती, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि बसायला लहान मुलांचा बाक होता. मी बसलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीला लागले.

दारात, अंतर ठेवून, एक तरुण शिक्षिका खुर्ची टाकून बसल्या. श्रेया बाई. त्यांनी नाव विचारलं. कितवीत, हेही विचारून गेल्या आणि मग थांबल्या. मी विमा कंपनीत असिस्टंट मॅनेजर असल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूल आत एकटं घाबरू नये म्हणून कोणीतरी कायम दारात बसायचं आणि बोलत राहायचं, असं आमचं ठरलंय. मी घाबरलेलो नाही, असं मी म्हणालो. आज डब्यात काय होतं, त्यांनी विचारलं. उपमा, मी म्हणालो. गोष्ट सांगू का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या जरा हिरमुसल्या. खास यासाठी बसवली होती हो, म्हणाल्या. मग मी म्हटलं, सांगा.

शिवडीच्या चिखलात राहणाऱ्या एका खेकड्याची गोष्ट होती. बाहेर रोहित पक्षी उतरलेत म्हणून तो बिळातून बाहेरच येत नाही आणि आतल्या आत त्याला वाटायला लागतं की जग एवढंच आहे. मी सुरुवातीला भिंतीवरचा तबला-डग्ग्याचा तक्ता वाचत होतो. नंतर वाचायचा थांबलो.

मधेच अवधूत सर पालकांचा नंबर मागायला आले. मी दर्शनाचा दिला. ती उचलेना, तिची मीटिंग होती. घरी मोठं माणूस कोण, त्यांनी विचारलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने या प्रश्नाचं उत्तर 'मी' असं द्यायला हवं होतं. माझ्या तोंडून गेलं, "आई."

आईला फोन गेला तेव्हा ती जिन्यात मांजरेकरकाकांशी बोलत होती. हे नंतर कळलं. तिने ऐकलं ते एवढंच की शाळेतून बोलतोय, हितेंद्रला ताप आहे, घेऊन जा. मध्ये चाळीस वर्षं गेलीत हे क्षणभर तिच्या ध्यानात आलं नसावं. ती नऊवारी नीट करून, पाण्याची बाटली, टॉवेल आणि काढ्याचा थर्मास घेऊन टॅक्सीत बसली. टॅक्सी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला पोचेपर्यंत काकांनी बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली होती.

गेटवर आईचा आवाज आला. "माझो झील खंय आसा?"

तिचाही ताप मोजला, तो नव्हता. तिला लांब खुर्ची दिली. अवधूत सरांनी तिला सगळं सांगितलं: कधी आला, किती ताप, पाणी किती प्यायला, एकदाही एकटा सोडला नाही, जवळचा डॉक्टर कोण, संध्याकाळी आम्ही फोन करू. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मी आतून म्हणत होतो की मला ऊन लागलंय. त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. मग मला लाल बाणांवरूनच बाहेर आणलं. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत दहावीची मुलं योग्य अंतर राखून उभी होती. रस्ता ओलांडताना आईने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. एकतर तेवढी ताकद नव्हती, आणि दुसरं म्हणजे खेकड्याचं पुढे काय झालं याचा मी विचार करत होतो.

घरी येऊन मोजला तर ताप नव्हता. पण बिल्डिंगमध्ये तो होता. मी लिफ्टमध्ये शिरलो की आतल्यांना काहीतरी विसरल्याचं आठवायचं. दूधवाला पिशवी खालच्या मजल्यावर ठेवून तिथून हाक मारू लागला. मी रीतसर तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, रिपोर्ट मी ग्रुपवर टाकला. मांजरेकरकाका म्हणाले, निगेटिव्ह म्हणजे नाही असं नव्हे, सापडला नाही असं. एकांनी रिपोर्टखाली 'लवकर बरे व्हा' लिहिलं.

याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण बातमी शाळेच्या ग्रुपवर गेली. सुरक्षिततेची माहिती गोळा करायला गेलेल्यालाच झाला, असं कोणीतरी लिहिलं. मग रघु सावंतांचा निरोप आला की भाऊ, राग मानू नका, आता मी पोरांना पाठवत नाही. त्यांच्यामागून एकेक जण तसंच लिहू लागला. आमच्या शाळेत ही गंमत नव्हती. मुलाला पाठवायचं तर पालकाची लेखी संमती लागत होती, आणि संमती आली नाही तर वर्ग रिकामा उघडला असता. रिकामे वर्ग मराठी शाळेला परवडत नाहीत. ते एकदा रिकामे राहिले की कायमचे बंद करायला कोणीतरी टपलेलंच असतं.

मृणालिनी बाईंचा फोन आला. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "कुबल, मनवाला तरी पाठवाल ना?"

मी हो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपलं यावर बोलणं कधी झालं, तिने विचारलं. झालं नव्हतं. मी जगाच्या चांगल्या पद्धती गोळा करत होतो आणि घरात विचारायचं राहिलं होतं. ती म्हणाली, "तू ऑफिसात, मी फोर्टात. तिला तिथे बरं वाटेनासं झालं तर? तेव्हा तिच्याजवळ ज्या बाई असतील त्यांचा मास्कमागचा चेहरासुद्धा तिला माहीत नाही." मनवा बाजूलाच चित्र काढत होती. तिने रंगपेटी बंद केली आणि विचारलं, मग मी जाणार की नाही.

त्याच संध्याकाळी दादरच्या शाळेतून फोन आला. माझ्या मोबाइलवर नाही, आईच्या. पालक म्हणून त्यांच्याकडे तिचाच नंबर होता. श्रेया बाई विचारत होत्या, हितेंद्र कसा आहे, जेवला का. दुसऱ्या दिवशी परत फोन आला. आईने त्यांना माझ्या लहानपणीच्या गोवराबद्दल सांगितलं, त्या ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती मसाला दळायला म्हणून बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाही.

ती कुठे होती ते मला हळूहळू कळलं. मसाल्याच्या गल्लीत, चिवड्याच्या दुकानात, मग शाळेतल्या कुणाच्या आजीकडे, मग दुसऱ्या कुणाच्या. जिथे गेली तिथे तिने माझी गोष्ट सांगितली होती, आणि तीही संपूर्ण: बाक, गुडघे, उपमा, हात धरून ओलांडलेला रस्ता. वर तिची स्वतःची भर होती की मी रडलो. मी रडलो नव्हतो. मी तिला म्हटलं, आई, मला ऑफिस आहे, माणसं ओळखतात मला. ती म्हणाली, "मग बरा झाला. ओळखीच्या माणसाची गोष्ट लोकांका पटता." आणि गोष्टीचा शेवट ती दर वेळी सारखाच करायची, हे मी नंतर तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकलं: "एवढो वाढलेलो घोडो, तरी त्या पोरीन तेका एकट्याक सोडूक नाय. मग बारक्यांका सोडतली?"

दोन दिवसांनी रघु सावंत स्वतः आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. मला वाटलं, थट्टा करायला आलेत. त्यांनी विचारलं, "तिथे तुम्हाला एकटं ठेवलं नव्हतं ना?"

नाही म्हटलं.

"दार बंद केलं होतं?"

उघडं होतं, मी म्हटलं, त्या दारातच बसल्या होत्या.

मग ते जरा वेळ आमच्या चपलांच्या स्टँडकडे बघत राहिले. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगू शकणार नाही, कारण ते भराभर, खाली बघून बोलले. एप्रिलच्या लाटेत ते आणि बायको दोघंही कोविड सेंटरला होते. धाकटा गावी आजोळी अडकला होता. मोठ्या मुलालाही ताप होता, पण तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून त्याला घरी एकट्यालाच ठेवावं लागलं. शेजारी चांगले, दारात ताट ठेवायचे, हाक मारायचे आणि लांब व्हायचे. त्याहून जवळ कोणी येऊ शकत नव्हतं. तो बरा झाला. पण अजून दार लावलेलं असलं की त्याला झोप लागत नाही. अंतर-बिंतर मला कळतं, रघु म्हणाले, माझं फक्त एवढंच विचारणं होतं, आणि ते तुमच्या त्या यादीत कुठे नव्हतं.

ते खरं होतं. मी गोल मोजले होते.

त्यांनी विचारलं, आपल्या बाई असं करतील का. मी म्हटलं, चला, त्यांनाच विचारू. मृणालिनी बाईंनी शाळेच्या पटांगणात, मोकळ्या हवेत, पालकांना बोलावलं. त्या समजावून सांगू लागल्या तर लोक म्हणाले, सांगू नका, करून दाखवा. ताप आलेलं मूल कोण होणार, असा प्रश्न आला. कोणी माझं नाव घेतलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे वळले.

तेव्हा मी परत एकदा, आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत, दुसरीच्या बाकावर बसलो. मृणालिनी बाई स्वतः दारात बसल्या. त्यांना गोष्ट आठवेना, म्हणून त्यांनी बेरजा घातल्या. खिडकीबाहेर सगळे पालक दाटीवाटीने उभे होते आणि तिथे अंतर पाळायचं मात्र कोणाच्याही लक्षात नव्हतं. रघुने खिडक्या उघडून बघितल्या, दाराची कडी हलवून बघितली आणि ती आतून-बाहेरून काढून टाकायला लावली. पालकांना फोन गेला. आई पटांगणातच होती, तरी ती गेटबाहेर जाऊन परत आली, कारण तिच्या मते तसं केल्याशिवाय ते खरं झालं नसतं. दर्शना मागे उभी होती. तिने बाईंना विचारलं की दारात रोज कोण बसणार, नाव काय, त्या नसल्या तर कोण. बाईंनी नावं सांगितली. दर्शनाने त्या शिक्षिकांना जवळ जाऊन मास्क क्षणभर खाली करायला सांगितला आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढले. घरी जाऊन तिने ते मनवाला दाखवले. मग संमतीवर सही केली.

त्या आठवड्यात बाकीच्या सह्याही आल्या. सगळ्या आल्या असं नाही. रघुने गेटवर लावायला एक फ्लेक्स छापला. त्यात 'चिमुकल्यांचे सहर्ष स्वागत' होतं आणि खाली फेस शील्डमधला माझा फोटो होता. बाईंनी तो फोटोपुरता दुमडून लावला. मी माझी माहिती, ताप आलेल्या मुलाबद्दलचा भाग सगळ्यात वर घेऊन, परत लिहिली आणि ज्या ज्या शाळांनी मला गेटवर थांबवलं होतं त्या सगळ्यांना पाठवली. गिरगावच्या शाळेतून आभाराचा फोन आला, भेटायला या म्हणाले, पण अर्थात गेटपर्यंतच.

डिसेंबरात शाळा उघडली. पुढे वर्ष बदलल्यावर ती काही आठवडे परत बंद झाली आणि परत उघडली, पण ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. त्या सकाळी आम्ही सगळे पालक मुलांना गेटवर सोडून बाहेर थांबलो होतो. कोणालाही आत सोडणार नाहीत हे ठरलं होतं, ते ठरवणाऱ्यांत मीच होतो, आणि तरी वॉचमनने मला अडवलं तेव्हा मला अपमान वाटला. मनवा गोलांवरून उड्या मारत गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. दर्शना म्हणाली, बघायला हवं होतं जरा. कोणी घरी जाईना. दुसरीचा वर्ग तळमजल्यावर, फुटपाथच्या बाजूला आहे, खिडक्या ठरल्याप्रमाणे सगळ्या उघड्या होत्या, तेव्हा आम्ही खिडकीखाली, दिसणार नाही असे, उभे राहिलो. आईही होती. रघु होता.

आत बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव घेतलं आणि कोणीतरी "हजर" म्हणून असं काही ओरडलं की बाईंच्या हातून खडू पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या नावालाही तसंच. आम्हाला आधी कळेना. मग कळलं. या पोरांनी दोन वर्षांत हजेरी दिली ती फोनवर, आणि तेव्हा त्यांना रोज एकच ऐकायला मिळालं: आवाज येत नाही, मोठ्याने बोल. वर्गात समोर बसलेल्या बाईंना हळू बोललेलं ऐकू येतं, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"कुबल मनवा हितेंद्र."

काहीच नाही. दर्शनाने माझं मनगट धरलं. बहुतेक ती म्यूट काढायला बोट कुठे दाबायचं ते शोधत होती. मग माझ्या मुलीचा आवाज आला, इतका मोठा की समोरचा इस्त्रीवाला वळला आणि एक टॅक्सी हळू झाली.

आई कोणाकडेही न बघता, भिंतीला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "येता गो. येता आवाज."